वेबसाइटवरचा मजकूर आणि फोटो चोरीला गेले : आधी पुरावा, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरात चादरी-टॉवेलांचा घाऊक व्यापार आहे, स्वतःची वेबसाइट आहे. बाहेरगावच्या एका साइटने तिच्यावरचे मालाचे फोटो, प्रत्येक डिझाइनखालचं वर्णन आणि ‘आमच्याविषयी’ हे अख्खं पान उचललंय. एका फोटोत तर मूळ दुकानाचं लेबलही दिसतंय. ते उतरवायचं कसं, गूगलवर आपली साइट खाली जाईल का, कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही तरी काही करता येतं का, आणि पोलिसांत जावं का?

करता येतं, आणि बहुतेक वेळा कोर्टाची पायरी न चढता. फक्त कामाचा क्रम चुकता कामा नये.

त्या माणसाला अजून फोन करू नका. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं नावही टाकू नका. रागाच्या भरात फोन गेला की पानं गायब होतात, काही दिवसांनी थोडी फिरवाफिरव करून पुन्हा चढतात, आणि मधल्या काळात तुमच्या हातात दाखवण्यासारखं काही उरत नाही. नाव चव्हाट्यावर आणलं तर उलट तुमच्यावरच बदनामीची नोटीस यायची.

पुरावा असा गोळा करा. त्याच्या साइटचं उचललेलं प्रत्येक पान संगणकावर उघडा, मोबाइलवर नको. क्रोममध्ये प्रिंटला जा, ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडा आणि ‘हेडर्स अँड फूटर्स’ला टिक करा, म्हणजे पानावर तारीख आणि पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक लोक पत्त्याची पट्टी कापून टाकतात आणि मग तो कुठल्या साइटचा हेच सिद्ध होत नाही. त्यानंतर कंट्रोल-एस दाबून पूर्ण पान फोटोंसकट जतन करा. मग इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये त्याच्या पानाचा पत्ता टाका. तिथली नोंद तिसऱ्याच संस्थेची असल्यामुळे तारखेवर वाद घालणं अवघड होतं. त्याच ठिकाणी स्वतःच्या पानांच्या जुन्या नोंदी आहेत का तेही पाहा. दोन वर्षांपूर्वीची तुमची नोंद सापडली तर अर्धं काम तिथेच झालं.

आता कंट्रोल-यू दाबून त्याच्या पानाचा सोर्स कोड उघडा आणि कंट्रोल-एफने तुमच्या डोमेनचं नाव शोधा. इथे हमखास काहीतरी सापडतं. घाईने उचललेल्या मजकुरात तुमच्याच पानांकडे जाणारे दुवे तसेच राहतात, फोटोंच्या फाइलींना तुम्ही दिलेली नावं आणि मालाचे कोड तसेच असतात, कधी कधी तुमच्या अ‍ॅनालिटिक्सचा, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या सेवेचा, क्रमांकसुद्धा. ‘मोरपंखी-जेकार्ड-११४’ असं तुमच्या गोदामातलं फाइलनाव दुसऱ्याच्या साइटवर दिसलं, तर ते योगायोगाने आलं असं कुणालाच म्हणता येत नाही. हा सोर्सही फाइल म्हणून साठवा.

एक खास तपासणी : त्याच्या साइटवरच्या फोटोवर राइट क्लिक करून फोटो नव्या टॅबमध्ये उघडा. वर पत्ता तुमच्याच साइटचा दिसला तर त्याने फोटो उतरवूनही घेतलेला नाही, तो थेट तुमच्या सर्व्हरवरून दाखवतोय. याला हॉटलिंकिंग म्हणतात. त्याच्या गिऱ्हाइकांच्या बँडविड्थचा भार तुमच्यावर पडतो, पण तुमच्या सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये प्रत्येक वेळी त्याच्या साइटचं नाव नोंदलं जातं. होस्टिंगवाले हे लॉग ठरावीक काळाने पुसतात, म्हणून ते आजच उतरवून घ्या. हॉटलिंकिंग बंद करणं त्यानंतर. ते होस्टिंगच्या सी-पॅनेल या नियंत्रण-पानावरच्या ‘हॉटलिंक प्रोटेक्शन’मधून होतं, तिथे गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅपला सूट ठेवा, नाहीतर शोधात आणि दुव्याच्या झलकेत तुमचेच फोटो दिसेनासे होतील. फोटोच्या जागी त्याला शिव्या देणारं चित्र लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, तेच चित्र पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतं.

प्रकरण कोर्टात जाण्याची थोडीही शक्यता असेल तर आणखी एक गोष्ट लागते. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. आधी कलम ६५-ब खाली द्यायचं प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली द्यावं लागतं आणि त्याचे दोन भाग आहेत : एक ज्याने पुरावा काढला त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा, लिहावी लागते. ती विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने निघते. एसएचए-२५६ हा प्रकार निवडा, प्रत्येक पीडीएफची व्हॅल्यू काढा आणि त्याच दिवशी स्वतःलाच ईमेल करून ठेवा. त्यानंतर फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली तरी हॅश बदलू शकते, म्हणून मूळ प्रतीला हात लावायचा नाही, काम दुसऱ्या प्रतीवर करायचं.

आता मालकी. इथे आपल्याकडचे निम्मे व्यापारी अडकतात, आणि म्हणून यावर जरा थांबतो.

कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मजकूर लिहिला, फोटो काढला, त्या क्षणी हक्क जन्माला येतो. नोंदणी केली तर कलम ४८ मुळे ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, एवढाच तिचा फायदा, आणि तो काही लहान नाही. पण हक्क कुणाकडे जन्माला आला? तुमच्या पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर तुमच्याकडे. पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ प्रमाणे फोटोंचे पहिले मालक तुम्हीच. मजकुराला मात्र ही सवलत नाही. वेबसाइट करून देणाऱ्या एजन्सीने किंवा घरबसल्या लिहिणाऱ्या लेखकाने वर्णनं लिहून दिली, तुम्ही बिल चुकतं केलं, तरी लेखी हस्तांतर झाल्याशिवाय त्या शब्दांचा मालक तोच राहतो. आणि त्या लेखी कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एजन्सीकडून आजच एक पानाचं पत्र घ्या : कोणती पानं, हक्क कायमचे, जगभरासाठी, मोबदला मिळाला, सही, तारीख. हे पत्र नसताना ‘मी मालक आहे’ असं शपथेवर लिहून देणं धोक्याचं आहे.

दुसरी बाजूही पाहून घ्या : एजन्सीने तोच मजकूर तुमच्या आधी दुसऱ्या कुणाला विकलेला नाही ना? आपल्या मजकुरातली दोन-तीन वैशिष्ट्यपूर्ण वाक्यं अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तुमच्याही आधीची तिसरीच साइट निघाली तर तक्रार तिथेच थांबवा.

सगळंच कॉपीराइटमध्ये बसत नाही, हेही समजून घ्यायला हवं. ‘शंभर टक्के कॉटन, ६० बाय ९० इंच, रंग पक्का’ ही माहिती आहे, तिच्यावर कुणाचाच हक्क नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसती मेहनत पुरत नाही, थोडीतरी सर्जनशील निवड दिसली पाहिजे. शेंगाचटणी विकणाऱ्यांनाही हेच लागू : शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं ही यादी कुणीही छापेल, उखळात कुटताना तेल कसं सुटतं याचं तुम्ही तुमच्या शब्दांत केलेलं वर्णन मात्र तुमचं.

चादरीच्या नक्षीचा मुद्दा तर सोलापूरकरांनी तोंडपाठच करावा. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं, की डिझाइन कायद्याखाली नोंदवता येईल अशी नक्षी नोंदवली नाही आणि यंत्रावर तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. पॉवरलूमवर पन्नासचा आकडा किती लवकर ओलांडला जातो हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा. म्हणजे त्याने तुमच्या चादरीचा फोटो उचलला तर कॉपीराइटची तक्रार चालेल. पण तुमची नक्षी स्वतःच्या मागावर विणून स्वतः काढलेला फोटो लावला, तर त्या तक्रारीत दम राहत नाही. नक्षी वाचवायची तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी हवी. संरक्षण आधी १० वर्षं, वाढवून आणखी ५. आणि अर्ज वेबसाइटवर फोटो टाकण्याच्या आधी करायचा, कारण जाहीर झालेली नक्षी नवी राहत नाही. नवं कलेक्शन आधी इन्स्टाग्रामवर आणि मग वकिलाकडे, हा उलटा क्रम फार महागात पडतो.

आणि दुसरीकडचा माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून विकला जात असेल, तर तो तिसराच विषय. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन आहे, त्याची तक्रार १९९९ च्या मानांकन कायद्याखाली होते. ती फोटोचोरीच्या तक्रारीत मिसळू नका. एका अर्जात चार कायदे कोंबले की तो अर्ज कुणीच नीट वाचत नाही.

आता प्रत्यक्ष उतरवण्याचं काम. त्यासाठी त्याची साइट कुठे ठेवलेली आहे ते शोधायचं. डोमेन-नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअपवर डोमेन टाकलं तर रजिस्ट्रार कळतो. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, त्याने अडत नाही. डॉट इन असेल तर रजिस्ट्रीच्या साइटवर हीच माहिती मिळते. लक्षात ठेवा, रजिस्ट्रार नाव विकतो, होस्ट जागा देतो. तक्रार होस्टकडे करायची. सोर्समध्ये ‘सीडीएन डॉट शॉपिफाय’ दिसलं तर दुकान शॉपिफायवर आहे, तक्रारही तिथेच. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ दिसलं तर वर्डप्रेस आहे, पण होस्ट कोणीही असू शकतो. तेव्हा डोमेनचा आयपी पत्ता काढून तो कुणाचा हे पाहावं लागतं. उत्तर क्लाउडफ्लेअर आलं तर तो मधला पडदा आहे. क्लाउडफ्लेअरच्या अब्यूज फॉर्मवर कॉपीराइटची तक्रार भरली की ते ती खऱ्या होस्टकडे पाठवतात आणि होस्ट कोण हे तुम्हालाही कळवतात.

माणूस कोण हे शोधायला आपल्याकडे एक सोपी खूण असते : साइटच्या तळाशी किंवा बिलावर छापलेला जीएसटी क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे – २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा – आणि तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदलेलं कायदेशीर नाव समोर येतं. नोटीस त्याच नावाने काढायची, दुकानाच्या पाटीवरच्या नावाने नाही.

होस्ट अमेरिकी असेल तर १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार नोटीस द्यायची. त्यात सहा गोष्टी लागतात, एकही सुटली तर नोटीस बाजूला पडते : मूळ काम कोणतं, चोरीचा मजकूर नेमका कोणत्या पत्त्यावर आहे, तुमचा संपर्क, हा वापर विनापरवाना आहे असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं हे विधान, माहिती खरी असून तक्रार करण्याचा अधिकार तुम्हाला आहे हे शपथेवरचं विधान, आणि सही. बहुतेक नोटिसा दुसऱ्या मुद्द्यावर फसतात. ‘त्यांची सगळी साइटच आमची आहे’ असं लिहून चालत नाही. दोन रकाने करा : डावीकडे तुमच्या पानाचा पूर्ण पत्ता, उजवीकडे त्याच्या पानाचा, फोटोसाठी वेगळी ओळ, मजकुरासाठी वेगळी. चाळीस फोटो असतील तर चाळीस ओळी. मजकूर एखाद्या यंत्राकडून फिरवून घेतला असेल तर दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवा आणि समान रचना, समान उदाहरणं, समान चुका ठळक करा. तुमचीच एखादी शुद्धलेखनाची चूक तिकडे तशीच उतरली असेल तर ती सगळ्यात वर.

नोटीस सोप्या इंग्रजीत लिहा आणि मराठी मजकुराचा अर्थ एका ओळीत द्या, कारण पलीकडे वाचणाऱ्याला मराठी येत नाही. भावना, धमक्या, नुकसानीचे आकडे गाळा.

तो प्रतिनोटीस देऊ शकतो. तशी आली तर तुम्ही दावा दाखल केल्याचं कळवलं नाही तर होस्ट साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवतो. उघड चोरी केलेला माणूस सहसा प्रतिनोटीस देत नाही, कारण त्यात स्वतःचं नाव-पत्ता शपथेवर द्यावा लागतो.

भारतातही कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या होस्टसारख्या सेवेने, ३६ तासांत त्या मजकुराची वाट बंद करायची. पण त्या तक्रारीतच २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी द्यावी लागते, आणि आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय ही वाट धरू नका. मार्केटप्लेस आणि सोशल मीडियाचं मात्र सोपं आहे : अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, इन्स्टाग्राम, फेसबुक या सगळ्यांचे स्वतःचे कॉपीराइट फॉर्म आहेत. ‘रिपोर्ट’ बटण दाबून स्पॅम म्हणून कळवण्याने काही होत नाही, कॉपीराइटचाच फॉर्म भरा.

गूगलला वेगळी तक्रार लागते आणि ती होस्टच्या तक्रारीबरोबरच करावी. गूगल साइट बंद करत नाही, फक्त ती पानं शोधातून काढतं. फॉर्ममध्ये ‘गूगल सर्च’ निवडा. जाहिरात किंवा बिझनेस प्रोफाइलवरचा फोटो असेल तर तो पर्याय वेगळा आहे. त्याच्या होमपेजचा पत्ता देऊ नका, प्रत्येक आतल्या पानाचा द्या. तक्रारीची प्रत ल्यूमेन या सार्वजनिक संग्रहात जाऊ शकते, म्हणून भाषा अशी ठेवा की ती उद्या कुणीही वाचली तरी चालेल.

गूगलवर साइट खाली जाईल का? दुसऱ्याने चोरलं म्हणून गूगल तुम्हाला शिक्षा करत नाही. सारखी पानं तो एकत्र धरतो आणि त्यातलं एक दाखवतो. ते बहुतेक वेळा मूळच असतं, पण नेहमी नाही. वर सांगितलेला अवतरणचिन्हांतला शोध इथेही करा. चोराचं पान वर आलं तर आधी आपल्या घरात बघा : साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शन केलं की आपलं पान इंडेक्समध्ये (गूगलच्या शोधयादीत) आहे का आणि गूगलने कॅनॉनिकल, म्हणजे मुख्य, म्हणून कोणता पत्ता धरलाय हे दिसतं. अनेकदा जुन्या डेव्हलपरने चुकून ठेवलेला, पान शोधातून वगळायला सांगणारा ‘नोइंडेक्स’ टॅगच खरा गुन्हेगार निघतो. ज्या जुन्या साइटी श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत त्यांचा मजकूर गूगलला मराठी म्हणून वाचताच येत नाही. तिथे चोराने युनिकोडमध्ये टाइप केलेली नक्कलच वर येणार. अशी साइट असेल तर युनिकोडला आणणं हे तक्रारीइतकंच तातडीचं.

पोलीस आणि कोर्ट. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हा आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. तरी नुसत्या फोटोचोरीसाठी पोलीस ठाण्यात चकरा मारण्यापेक्षा होस्टची वाट लवकर संपते, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा : तो तुमच्या नावाने गिऱ्हाइकांकडून पैसे घेत असेल तर ती फसवणूक आहे. तेव्हा नोटीस वगैरे सगळं मागे ठेवा, पैसे गेलेल्या गिऱ्हाइकाला ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा आणि तुम्ही सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या.

दिवाणी दाव्यासाठी परगावी धावावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे फिर्यादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे सोलापुरातच, दावा लावता येतो. मूल्य तीन लाखांच्या वर असेल तर तो व्यापारी दावा ठरतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. भरपाईची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं. ‘यावर कॉपीराइट आहे हे मला माहीतच नव्हतं’ असा बचाव टिकला तर नुकसानभरपाई हातची जाते, मनाई आणि त्याने कमावलेला नफा एवढंच मागता येतं. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी कॉपीराइटची ओळ आणि वर्ष ठेवाच. आणि हक्क नसताना धमकीची नोटीस पाठवली तर कलम ६० खाली समोरचाही दावा करू शकतो. मालकीचे कागद आधी जमवायला सांगितलं ते याच कारणासाठी.

पुढच्यासाठी थोडंच. राइट क्लिक बंद करणं फुकट आहे, त्याने गिऱ्हाईक वैतागतं आणि चोर अडत नाही. फोटो १२०० पिक्सेलपेक्षा मोठा चढवू नका, मूळ मोठी फाइल घरी ठेवा. ती ज्याच्याकडे आहे तोच फोटोचा मालक, हे कुणालाही पटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत मूळ समजू नका, त्यात कॅमेऱ्याची माहिती उरत नाही. वॉटरमार्क कडेला टाकला तर कापला जातो, कापडाच्या मधोमध फिकट टाका. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये फीड (साइटवरचा नवा मजकूर आपोआप पुरवणारी सोय) ‘एक्सर्प्ट’वर, म्हणजे फक्त उताऱ्यावर, ठेवा, म्हणजे आपोआप उचलणाऱ्या यंत्रांना पूर्ण मजकूर मिळत नाही. आणि नवं पान चढवलं की त्याच दिवशी सर्च कन्सोलमधून इंडेक्सिंगची विनंती करा.

पानं उतरल्यावर समोरचा तडजोडीला आला तर तोंडी ‘यापुढे नाही करणार’वर सोडू नका. हमीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घ्या. त्यात उतरवलेल्या सगळ्या पत्त्यांची यादी, मार्केटप्लेसवरच्या आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगमधल्या प्रतीही काढल्याची कबुली, छापील पत्रकांत हे फोटो वापरले असतील तर ते नष्ट केल्याचं विधान, आणि पुन्हा तसं केल्यास द्यायची ठरावीक रक्कम असू द्या. सही करणाऱ्याचं नाव जीएसटी पोर्टलवरच्या नावाशी जुळतंय का ते पाहा, आणि भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या सह्या घ्या.